शेगडी एक, तवे अनेक: सह्याद्रीचा कातळ आणि डोडोची बेटे

एका वाचकाने दोन गोष्टी विचारल्या आहेत. सह्याद्री आणि मॉरिशस एकाच ज्वालामुखीतून तयार झाले असे सांगितले जाते, ते कितपत खरे आहे? आणि ते खरे असेल, तर तिथले पशुपक्षी कोकणातल्यासारखे का नाहीत. न उडणारा डोडो पक्षी तिथेच का झाला आणि तिथेच का संपला? दख्खनच्या बेसॉल्टवर, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या काळ्या दगडावर, तीस वर्षे काम केल्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला सवयीने देता येते. दुसऱ्यासाठी मात्र जीवशास्त्रज्ञ मित्रांकडून पुष्कळ शिकावे लागले, आणि शिकताना असे लक्षात आले की दोन्ही उत्तरे हिंदी महासागरात बुडालेल्या एकाच पट्ट्यात सापडतात.

पहिल्या प्रश्नात एक दुरुस्ती आधीच करायला हवी. ज्वालामुखी एक नाही. त्याच्या खालचा उष्णतेचा स्रोत एक आहे. शेगडी जागच्या जागी धगधगत राहावी आणि तिच्यावरचा तवा हळूहळू सरकवत न्यावा, तर तव्याला एकाच जागी डाग न पडता डागांची रांग उमटेल. भूपृष्ठाचे तुकडे असेच सरकत असतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारतीय उपखंड आजच्यापेक्षा फार दक्षिणेला, या शेगडीच्या वर होता. तेव्हा भेगाभेगांतून जो लाव्हा बाहेर पडला त्याच्या थरांवर थर साचून दख्खनचे पठार आणि सह्याद्रीचा कातळ तयार झाला. झिजून झिजून उरलेला भागसुद्धा आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरतो. पुढे भारत उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे डागांची रांग उरली: लक्षद्वीप आणि मालदीव ज्या बुडालेल्या कण्यावर प्रवाळांनी उभे केले तो कणा, आणि त्याच्या दक्षिणेला चागोस बेटसमूह. साडेतीन कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास समुद्रतळ जिथे दुभंगून नवा तयार होतो ती रांगच या स्रोतावरून सरकली, आणि पुढचे डाग आफ्रिकेच्या बाजूच्या भूखंडावर पडू लागले. साया दे माल्या आणि नाझारेथ या आज उथळ पाण्याखाली असलेल्या विस्तीर्ण उंचवट्यांनंतर सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर आले. रियुनियन त्याहून वयाने पुष्कळ लहान. ते समुद्राबाहेर येऊन वीस-तीस लाख वर्षेच झाली आहेत, आणि शेगडी आज त्याच्याच खाली आहे.

मॉरिशस, रियुनियन आणि रॉड्रिग्ज या तिघांना मिळून मस्कारेन बेटे म्हणतात. मादागास्करच्या पूर्वेला भर समुद्रात ती आहेत. मॉरिशस सुमारे १,८६५ चौरस किलोमीटरचे. रियुनियन त्याच्या नैर्ऋत्येला दोनशे किलोमीटरच्या आत, सुमारे २,५१२ चौरस किलोमीटरचे. आणि रॉड्रिग्ज पूर्वेला जवळजवळ सहाशे किलोमीटरवर, जेमतेम १०८ चौरस किलोमीटरचे. रॉड्रिग्जभोवतीचे प्रवाळांनी वेढलेले उथळ खाजण मात्र बेटाच्या जवळपास दुप्पट आहे. रॉड्रिग्ज वर सांगितलेल्या रांगेत नीट बसत नाही, ते पूर्व-पश्चिम पसरलेल्या वेगळ्या कण्यावर उभे आहे आणि त्याच्या जन्माबद्दल आमच्या व्यवसायात अजून मतभेद आहेत. नकाशावर सरळ रेघ ओढून तिघांना ओवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

उगम एक असला तरी दगड सारखा दिसत नाही, आणि विद्यार्थ्यांना मी नेहमी हातात दगड देऊनच हे दाखवतो. पुणे-नाशिककडचा काळवथर फोडला तर त्यात जागोजाग पांढऱ्या, गुलाबी, हिरवट गाठी दिसतात. लाव्हा थिजताना अडकलेल्या वाफेच्या बुडबुड्यांत पुढे हजारो-लाखो वर्षे खनिजयुक्त पाणी झिरपत राहिले आणि त्या पोकळ्या झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी यांनी भरून निघाल्या. रियुनियनच्या ज्वालामुखीच्या उतारावरचा काही वर्षांपूर्वीचा दगड उचलला तर त्यातल्या पोकळ्या रिकाम्याच असतात. दगड इतका हलका लागतो की हात फसतो, आणि बोट फिरवले तर पोकळीची काचेरी कड टोचते. त्यात ऑलिव्हिन या खनिजाचे मुगाच्या डाळीएवढे हिरवट-पिवळे दाणे नुसत्या डोळ्यांना दिसतात. थिजलेल्या लाव्ह्यावर दोरीला पीळ भरावा तशा वळ्या असतात. अशाच वळ्या आपल्याकडे जुन्या थरांवर कुठेकुठे ओळखू येतात, पण त्यासाठी पारखी नजर लागते. तिथे मात्र त्या पायाखाली कुरकुरतात.

भूरूपातही मोठा फरक आहे. दख्खनचा लाव्हा लांबच लांब भेगांमधून वाहिला आणि आडवा पसरला, म्हणून आपले डोंगर सपाट माथ्याचे, पायऱ्यापायऱ्यांचे. मस्कारेन बेटांवर लाव्हा मुख्यतः एका केंद्राभोवती साचत गेला आणि पालथ्या ढालीसारखे पर्वत झाले. रियुनियनचे पिताँ दे नेज हे शिखर सुमारे ३,०७० मीटर उंच आहे. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे जवळजवळ निम्मी. पण या शिखराचा पाया समुद्रतळाशी, चार हजार मीटर खोल आहे हे ध्यानात घेतले तर खरा पर्वत सात किलोमीटरचा भरतो. हे शिखर आता शांत झाले असून त्याच्या अंगाला तीन प्रचंड कढया कोरल्या गेल्या आहेत: मफात, सालाझी आणि सिलाओस. मफातमध्ये आजही मोटाररस्ता नाही. तिथल्या वस्त्यांवर पायी जावे लागते, आणि जड सामान हेलिकॉप्टरने येते.

जिवंत ज्वालामुखी शेजारी आहे, पिताँ द ला फूर्नेज, २,६३२ मीटरचा. नावाचा अर्थच भट्टीचे शिखर. जगातल्या सर्वांत सक्रिय ज्वालामुखींमध्ये त्याची गणना होते, कित्येकदा तो एका वर्षात दोन-तीनदा फुटतो. तरीही माणसे फारशी मरत नाहीत, कारण लाव्हा पातळ असतो आणि बहुतेक वेळा पूर्वेकडच्या निर्जन खोलगट भागातून समुद्राकडे वाहतो. १९७७ मध्ये मात्र तो त्या भागाबाहेर आला आणि पिताँ-सॅंत-रोझ गावातली घरे गिळत चर्चच्या दारात येऊन थांबला. त्या चर्चला आता ‘लाव्ह्याची माता’ अशा अर्थाचे नाव आहे. एप्रिल २००७ मध्ये बाजूने एवढा लाव्हा निघून गेला की माथ्यावरच्या कुंडाचा तळ काही दिवसांत तीनशे मीटरहून अधिक खचला. आमच्या पिढीतल्या भूशास्त्रज्ञांना ही घटना मोजमापांसकट पाहायला मिळाली, याचा आनंद मी लपवणार नाही.

मॉरिशस वयाने मोठे, म्हणून झिजलेले. त्याचे सर्वोच्च टोक ८२८ मीटरचे. बेटाच्या कडेने उभे असलेले दातेरी डोंगर म्हणजे मूळ ढालीचे उरलेले काठ. मधले पठार नंतरच्या, नव्या लाव्ह्याने भरले आहे. क्युरपिप गावातले त्रू ओ सेर्फ हे झाडीने भरलेले विवर आणि हिंदू भाविक ज्याला गंगा तलाव म्हणतात ते कुंड, दोन्ही याच नंतरच्या टप्प्यातली. इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. २०१३ मध्ये मॉरिशसच्या वाळूत ६६ कोटी ते १९७ कोटी वर्षांपूर्वीचे झिर्कॉन या खनिजाचे कण सापडल्याचे प्रसिद्ध झाले, आणि २०१७ मध्ये तिथल्या खडकातच तीनशे कोटी वर्षांपर्यंतचे कण मिळाले. नव्वद लाख वर्षांच्या बेटात इतके जुने कण येतात कुठून? बहुधा भारत आणि मादागास्कर वेगळे होताना मागे राहिलेला जुन्या भूखंडाचा एक तुकडा या बेटाखाली गाडला गेला आहे, आणि वर येणाऱ्या लाव्ह्याने त्याचे कण ओरबाडून आणले. ‘मॉरिशस हा भारताचा तुटलेला भाग’ असे संदेश यावरून फिरतात. तसे नाही. पायात जुना दगड सापडला म्हणून वरचे घर जुने होत नाही.

हवामानाबद्दल थोडक्यात. आग्नेयेकडून वाहणारे वारे पूर्वेच्या उतारांवर पाऊस टाकतात आणि पश्चिम किनारा कोरडा राहतो. घाट आणि देश यांच्यातला फरक जाणणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. उन्हाळ्यात, म्हणजे तिथल्या नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये, चक्रीवादळे येतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. रियुनियनच्या फॉक-फॉक येथे जानेवारी १९६६ मध्ये तेवढ्याच वेळात १,८२५ मिलिमीटर पडला. हा जागतिक उच्चांक आहे.

आता दुसरा प्रश्न. ही बेटे वर आली तेव्हा भारत हजारो किलोमीटर दूर गेला होता. त्यामुळे दगडाचे नाते असले तरी सह्याद्रीतला एकही बेडूक, एकही खार तिथे चालत जाणे शक्य नव्हते. जे आले ते उडत, तरंगत किंवा पक्ष्यांच्या पोटातून आले. म्हणून तिथे मूळचा एकही बेडूक नाही, कारण खारे पाणी त्याची कातडी सहन करत नाही, आणि वटवाघळे सोडली तर जमिनीवरचा एकही मूळचा सस्तन प्राणी नाही. मांजर, कोल्हा, उंदीर यांपैकी कोणीच नाही. अशा ठिकाणी जमिनीवर पडलेले फळ खायला आणि गवत चरायला जागा मोकळी असते. ती कासवांनी आणि कबुतरांनी घेतली.

डोडो हे कबूतरच होते. हयात असलेला त्याचा सर्वांत जवळचा नातलग निकोबार कबूतर आहे, हे जनुकांच्या तुलनेवरून २००२ मध्ये दिसून आले. दुसरा नातलग होता रॉड्रिग्जवरचा सॉलिटेअर, तोही न उडणारा. या दोघांचे पूर्वज एकमेकांपासून सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले असा अंदाज त्याच तुलनेतून निघाला, आणि भूशास्त्रज्ञाने कान टवकारावेत अशी ही गोष्ट आहे. कारण मॉरिशसचे वय नव्वद लाख वर्षे! मग हे पक्षी आधी कुठे राहत होते? सर्वांत सरळ उत्तर असे की साया दे माल्या आणि नाझारेथ हे आज बुडालेले उंचवटे तेव्हा डोंगराळ बेटे होती. आग्नेय आशियाकडून आलेले कबूतर त्यांवर उतरले, आणि जुने बेट झिजून बुडत असताना पुढच्या नव्या बेटावर गेले. मॉरिशसच्या उत्तरेला असलेल्या राऊंड आयलंडवर एक अजगरवर्गीय साप आहे, ज्याचा वरचा जबडा मधोमध दोन भागांत विभागलेला आहे. पाठीचा कणा असलेल्या इतर प्राण्यांत अशी रचना आढळत नाही. त्याच्या कुळाचेही जवळचे नातलग आग्नेय आशियात सापडतात, आणि हे कुळही बेटापेक्षा जुने आहे. ज्या शेगडीने आपला सह्याद्री घडवला, तिच्याच पुढच्या डागांनी डोडोच्या पूर्वजांना पायऱ्या पुरवल्या. वाचकाने विचारलेले नाते खरे आहे ते असे.

सगळेच पाहुणे आशियातले नव्हते. मॉरिशसचा छोटा ससाणा आफ्रिकेच्या बाजूचा आहे, हिरव्याकंच पाली मादागास्करच्या कुळातल्या. या पाली दिवसा वावरतात आणि फुलांतला मकरंद पितात. मॉरिशसच्या राष्ट्रीय फुलाचा, त्रोकेशिया बुतोनियानाचा, मकरंद चक्क लाल असतो, आणि रंगीत मकरंद या पालींना अधिक आवडतो असे प्रयोगांत दिसले आहे. आपल्या भिंतीवरच्या पालीकडे बघून हे पटणार नाही. रियुनियनच्या उंच भागातली बाभूळकुळातली ‘तामारें दे ओ’ ही झाडे तर जनुकांनुसार हवाईमधल्या कोआ या झाडाची वंशज निघाली. अंतर सुमारे अठरा हजार किलोमीटर.

माणूस इथे फार उशिरा आला. अरब नावाड्यांना बेटे ठाऊक होती आणि १५०२ च्या एका पोर्तुगीज नकाशात त्यांची अरबी धाटणीची नावे आहेत, पण कोणी राहिले नाही. पेद्रू मस्कारेन्यश आणि दियोगू रोद्रिगिश या पोर्तुगीज दर्यावर्दींची नावे तेवढी चिकटली. २० सप्टेंबर १५९८ रोजी डच मॉरिशसला उतरले, १६३८ मध्ये त्यांनी वस्ती केली आणि १७१० मध्ये ते कायमचे गेले. तेवढ्या काळात डोडो संपला. त्याचे शेवटचे बहुमान्य दर्शन १६६२ चे आहे. खलाशांनी खाऊन संपवला हे अर्धेच खरे. त्याहून मोठे कारण जहाजांतून उतरलेले उंदीर, डुकरे आणि माकडे. जमिनीवर घातलेले अंडे त्यांच्यापासून वाचणे अशक्य होते. आपल्याकडे फारसे माहीत नसलेली गोष्ट म्हणजे जिवंत डोडो भारतातही आले होते. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६२८ च्या सुमारास सुरतेत दोन डोडो पाहिल्याची नोंद केली आहे, आणि जहांगीरच्या दरबारातला चित्रकार मन्सूर याचे मानले जाणारे डोडोचे चित्र सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयात आहे.

रॉड्रिग्जवर १६९१ मध्ये आलेल्या फ्रेंच निर्वासितांपैकी फ्रांस्वा लगा याने लिहून ठेवले की कासवांचे कळप असे दाट असत की त्यांच्या पाठींवरून शंभर पावले जमिनीला पाय न लावता चालता येई. शंभरेक वर्षांत तिथले एकही कासव उरले नाही. ती जिवंत मांस म्हणून जहाजांत भरून नेली.

फ्रेंचांनी १७१५ मध्ये मॉरिशस घेतले, इंग्रजांनी १८१० मध्ये ते आणि रियुनियन जिंकले, पण रियुनियन १८१५ मध्ये फ्रान्सला परत मिळाले. १९४६ पासून ते फ्रान्सचा एक जिल्हा आहे. सखल भागातले जंगल ऊसाने खाल्ले. गुलामगिरी मॉरिशसमध्ये १८३५ मध्ये संपली आणि मजूर भारतातून येऊ लागले. १८३४ पासून पुढच्या काही दशकांत सुमारे साडेचार लाख माणसे तिथे उतरली. बहुसंख्य भोजपुरी आणि तमिळ मुलखातली होती, पण मुंबई बंदरातून कोकणातलीही पुष्कळ गेली. त्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये मराठी म्हणवतात, शाळेत मराठी शिकतात, आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. ऊसाच्या शेतांत आजही काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात. जमीन लागवडीखाली आणण्यासाठी मजुरांनी हातांनी वेचलेले हे दगड आहेत. रत्नागिरीच्या कातळावरून आलेल्या माणसाने हे ढीग रचले असतील तर त्याला दगड ओळखीचाच वाटला असेल.

भारतातून दुसरेही पाहुणे गेले, आणि त्यांच्याबद्दल मी तितक्या मायेने लिहू शकत नाही. १७६२ मध्ये टोळ खाण्यासाठी साळुंकी नेली गेली. एका कीटकावर उपाय म्हणून दुसरा प्राणी आणण्याचे हे सर्वांत जुन्या नोंदलेल्या उदाहरणांपैकी एक. नंतर शिपाई बुलबुल गेला, जो चिनी पेरूसारख्या घुसखोर झाडांच्या बिया जंगलभर पेरतो. उंदरांसाठी नेलेल्या मुंगसाने पक्ष्यांचीच अंडी खाल्ली. आपला कंठवाला पोपट तिथल्या मूळच्या पोपटाची घरट्याची ढोली बळकावतो. मॉरिशसमध्ये चांगल्या अवस्थेतले मूळचे जंगल आज दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे. रियुनियनच्या कडेकपाऱ्यांनी मात्र जवळजवळ तीस टक्के राखले, आणि २०१० मध्ये त्या भागाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

तरीही मॉरिशसच्या वन्यजीवांची कथा ही केवळ मर्तिकाची कथा समजू नये. १९७४ मध्ये तिथला ससाणा रानात फक्त ४ उरला होता. मलेरियासाठी फवारलेले डीडीटी, तुटलेले जंगल आणि आयात शिकारी, अशी कारणे एकत्र आली होती. जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स यांनी १९७९ पासून घरट्यातली अंडी उचलून उबवली, म्हणजे मादी पुन्हा अंडी घालते, आणि पिल्ले वाढवून सोडली. पक्षी काही शेकड्यांवर गेले. गुलाबी कबूतर १९९० च्या सुमारास दहाच्या आसपास होते, आज चारशेच्या वर आहेत. मूळचा पोपट दहा-वीसवरून सातशेच्या पुढे गेला. हे काम संपलेले नाही; अन्न ठेवणे, उंदीर मारणे, घरटी तपासणे थांबवले तर आकडे पुन्हा घसरतील. कॅम्प तेथेच मांडून राहणारे तरुण कार्यकर्ते घरट्याघरट्याची वही ठेवतात, ती पाहून मला आमच्या खडकांच्या नोंदवह्यांची लाज वाटली.

डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय तांबालाकोक झाडाचे बी रुजत नाही, ही शाळांतून सांगितली जाणारी गोष्ट चुकीची आहे. ती १९७७ मध्ये मांडली गेली आणि नंतर खोडली गेली. पण तिच्यामागचा प्रश्न बरोबर होता: मोठी फळे खाऊन बिया पसरवणारे प्राणी गेले, तर झाडांचे काय? मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्याजवळ इल ओ झेग्रेत नावाचे २६ हेक्टरचे प्रवाळखडकाचे बेटुकले आहे. या बेटावर २००० पासून सेशेल्सच्या अल्दाब्रा बेटावरची महाकाय कासवे सोडली आहेत, कारण मॉरिशसच्या मूळच्या दोन्ही जातींची कासवे नष्ट झाली. तिथे अबनूसाची जुनी तोड झालेली आहे. मूळ झाडांखाली रोपे गर्दी करायची, पण तोडलेल्या भागात एकही नव्हते. कासवांनी फळे खाल्ली, बिया त्यांच्या शेणातून बेटभर गेल्या आणि आतड्यातून गेलेल्या बिया अधिक चांगल्या रुजल्या. पायवाटेच्या कडेला कासवाच्या वाळलेल्या शेणातून वर आलेले, दोनच पाने फुटलेले अबनूसाचे रोप वाटाड्या हमखास दाखवतो. तिथे गेलात तर खाली वाकून बघा, आणि पायवाट सोडू नका.